वर कोणी जायचं नाही

धाकटीच्या लेकीला, बटणला, कांजिण्या आल्या आणि घरच्या माणसांनी जिन्याकडे बघणंसुद्धा सोडलं. जिना तसा साधाच, लाकडी, लाँड्रीच्या मागच्या अंगणातून वर धाकटीच्या दोन खोल्यांकडे जाणारा. एरवी त्याच्यावर दिवसभर कुणाची ना कुणाची ये-जा असायची. सासूबाई दुपारी वारा खायला वर यायच्या, थोरल्या भाऊजींचा हरवलेला चष्मा हमखास वरच सापडायचा, आणि चहाचा वास सुटला की खालच्या प्रत्येकाला वर काहीतरी काम निघायचं. आता थोरलीने, धाकटीच्या मोठ्या जावेने, पायथ्याशी कपड्यांची एक मोठी टोपली उपडी घालून वाट अडवली होती आणि फर्मान काढलं होतं की वर कोणी जायचं नाही.

थोरलीचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असंही नाही. तिच्या एकुलत्या एका मुलीचं, भिंगरीचं, लग्न तोंडावर आलं होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या, पाहुण्यांच्या गाद्या आणून ठेवल्या होत्या. अशात नवरीच्या तोंडावर फोड उठले तर काय करायचं, हा प्रश्न ती दिवसातून दहा वेळा विचारायची, आणि उत्तर कुणी द्यायच्या आत टोपली पुन्हा नीट बसली आहे ना ते बघून यायची.

धाकटीच्या नवऱ्यालाही खालीच राहायला सांगितलं होतं. लहानपणी त्याला कांजिण्या आल्या नव्हत्या, आणि मोठ्या माणसाला हे दुखणं फार भारी पडतं, कधी जिवावरही बेततं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा तो इस्त्रीच्या टेबलावर झोपायचा आणि सकाळी अंगणात उभा राहून, मान वर करून विचारायचा, "काय म्हणतेय बटण?"

"खाजवतेय," धाकटी खिडकीतून सांगायची.

यापलीकडे त्या दिवसांत नवरा-बायकोचं काही बोलणं होत नसे. तो खिडकीतून सोडलेल्या दोरीला बांधलेल्या पिशवीत दूध आणि केळी ठेवायचा, आणि भट्टी पेटवायला जायचा.

धाकटीला एकटेपणाचं फार वाटत नव्हतं. सहा वर्षांची मुलगी अंगभर फोड घेऊन कुरकुरत असली की एकटं वाटायला फुरसत कुठे मिळते. तिला लागलं ते दुसरंच. बटणच्या कपड्यांचं गाठोडं तिने दोरीने खाली सोडलं, तर थोरलीने ते काठीने उचलून परत पिशवीत घातलं. म्हणाली, लग्न होईपर्यंत वरच असू दे. त्या लाँड्रीत गावभरच्या आजाऱ्यांच्या चादरी येत. त्या वेगळ्या काढायच्या, सोडा घालून भट्टीत उकळायच्या, दोनदा खळबळायच्या, ही सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत होती आणि तिच्यावर घराचं नाव उभं होतं. परक्यांचं सगळं चालत होतं, घरच्या पोरीचा फ्रॉक तेवढा चालत नव्हता. धाकटी न्हाणीघरात बसून ते कपडे धूत होती आणि डोळे पुसत होती. डोळ्यांत साबण गेला म्हणावं तर तसंही नव्हतं.

आणि या सगळ्याची काहीच गरज नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. भिंगरीला कांजिण्या येऊन गेल्या होत्या. फक्त हे घरात दोघींनाच ठाऊक होतं, तिला आणि सासूबाईंना.

ही गोष्ट भिंगरीच्या लहानपणीची. तेव्हा धाकटी या घरात नवीन होती. अंगावरचे कपडे कडक, बोलणं त्याहून आखडलेलं, कुणाला काय म्हणायचं ते अजून नीट बसलेलं नव्हतं. थोरली दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. दिवस अवघडलेले होते, डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलं होतं. नेमकी त्याच वेळी इथे भिंगरी फोडांनी भरली. दोन वर्षांचं पोर, कुणाच्या अंगावरून उतरायला तयार नाही. घरातल्या पुरुषांना सासूबाईंनी साधा ताप म्हणून सांगितलं होतं, ते दाराबाहेरूनच विचारपूस करत. धाकटीला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या होत्या, म्हणून सासूबाईंनी त्या पोरीला तिच्या मांडीवर दिलं आणि या वरच्या खोलीत दोघींना नेऊन ठेवलं. थोरलीला कळवायचं नाही असं त्यांनी ठरवलं, कारण कळलं असतं तर ती आहे तशी उठून धावत आली असती.

किती गोड दिवस होते ते. या लग्नाच्या गडबडीनंतरही कितीतरी वर्षांनी, भट्टी विझली, खालच्या लाँड्रीत काचसामानाचं दुकान आलं, तेव्हाही धाकटीला ते दिवस आठवायचे. खालच्या भट्टीची ऊब फळ्यांमधून वर यायची. साबणाचा आणि ओल्या कापडाचा वास यायचा. ती पोरीच्या हातांना स्वतःचे मोजे घालून ठेवायची, म्हणजे ओरबाडणार नाही, आणि पोरगी त्या मोज्यांची माणसं करून त्यांच्याशी भांडायची. सासरी आल्यापासून धाकटी पहिल्यांदा मोकळी हसली ती त्या खोलीत. हे घर तिला आपलं वाटायला लागलं ते तिथूनच.

मग थोरली परत आली ती रिकाम्या हाताने. बाळ राहिलं नव्हतं. ती दारात उभी राहिली, तिने भिंगरीला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. त्या रात्री सासूबाईंनी धाकटीचा हात धरून सांगितलं की हिला आणखी काही ऐकवायचं नाही. धाकटीने मान डोलवली. पण भिंगरीच्या कपाळाच्या कडेला एक खड्डा राहिला होता, लहानसा, गोल. थोरलीने तो बघितला आणि विचारलं. सासूबाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "इस्त्रीतला निखारा उडाला गं."

त्या घरात हे कुणालाही पटलं असतं. कोळशाच्या इस्त्र्या, दिवसभर उडणाऱ्या ठिणग्या, प्रत्येकाच्या हातावर काही ना काही डागलेलं. अंगावर कुठेही खूण दिसली की ती इस्त्रीची, हे त्या माणसांच्या अंगवळणीच पडलं होतं. थोरलीने पुढे काही विचारलं नाही. तिने फक्त धाकटीकडे बघितलं. पोर हिच्या हवाली होतं आणि हिने ते इस्त्रीजवळ बसवलं, एवढं तिने मनाशी धरलं आणि सोडलं नाही. तेव्हापासून ती भिंगरीला धाकटीकडे एकटी ठेवत नसे. धाकटीने ते सोसलं, गिळलं, आणि वर्षं गेली.

म्हणून त्या दुपारी भिंगरी टोपली ओलांडून वर आली आणि दारात उभी राहिली तेव्हा धाकटीचा आधी विश्वासच बसेना.

"काकू, बटण कुठाय?" म्हणत ती सरळ आत गेली. बटण पलंगावर बसून स्वतःच्या पायावरचे फोड मोजत होती आणि दर वेळी वेगळा आकडा येत होता. भिंगरीने तिला मिठी मारली, तिच्या गालाला गाल लावला, तिच्या उशीवर डोकं ठेवून आडवी झाली. बटणला आनंदाने काय करू नि काय नको झालं. इतक्या दिवसांत आईशिवाय कुणी तिला हात लावला नव्हता. तिने भिंगरीला सगळ्यात मोठा फोड दाखवला, आणि भिंगरीने त्याची मनापासून तारीफ केली.

धाकटी चहा ठेवायला वळली. तिचे डोळे भरून आले होते. निदान हिला तरी आठवण झाली, असं तिच्या मनात आलं. चहा घेऊन ती परत आली तर भिंगरी बटणचा ओला टॉवेल स्वतःच्या तोंडावरून फिरवत होती. कपाळ, गाल, हनुवटी, मान. सावकाश, काळजीपूर्वक, लाँड्रीत रेशमी कापड पुसतात तसं. मग तिने बटणच्या पेल्यातलं उरलेलं दूध पिऊन टाकलं.

धाकटीने कप खाली ठेवले. "भिंगरे, काय चाललंय हे?"

भिंगरी दचकली नाही. टॉवेलाची घडी घालत तिने विचारलं, "किती दिवसांनी येतात गं फोड?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा वाईट नव्हता, तिने आधीच सांगून टाकलं. चांगला होता, नोकरी होती, कुणाला टाकून बोलत नव्हता. पण त्याच्याशी बोलायला तिला काही म्हणजे काही सुचत नसे, आणि त्यालाही नाही. दोनदा भेटले, दोन्ही वेळा ती त्याच्या कॉलरकडे बघत बसली. कॉलरला खळ बरोबर होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. दुसरं कुणी मनात आहे का, असं धाकटीने विचारलं, तर तेही नव्हतं.

"कुणी नाही गं. मला तो नको आहे, बस. एवढं कारण पुरत नाही का?"

"आईला सांगितलंस?"

"सांगायला लागले की आई रडते. बाबा उठून जातात. आजी म्हणते, पाहुण्यांच्या उशा कमी पडतायत का बघ जरा." भिंगरी हसली, पण ते हसणं नीट जमलं नाही. "खाली माझं वाक्य पुरं होतच नाही, काकू. कांजिण्या आल्या तर निदान पुढे तरी ढकलतील. तेवढ्यात काहीतरी सुचेल."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. सांगावं तर सासूबाईंना दिलेला शब्द मोडत होता. न सांगावं तर ही पोरगी रोज आरशासमोर उभी राहून फोडांची वाट बघणार, आणि फोड येणार नाहीत, आणि लग्नाचा दिवस येणार. तिने भिंगरीच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्या गोल खड्ड्यावर बोट ठेवलं.

"तुला येऊन गेल्यात," ती म्हणाली. "आता परत नाही यायच्या."

"हा तर इस्त्रीचा निखारा."

"निखारा कधीच नव्हता."

मग तिने सगळं सांगितलं. मोज्यांची माणसं, फळ्यांमधून येणारी ऊब, दारात उभी असलेली रिकाम्या हातांची थोरली. भिंगरी ऐकत राहिली. मधे एकदा ती म्हणाली, "म्हणजे आई इतकी वर्षं तुला उगाचच…" आणि थांबली. शेवटी तिने टॉवेल बाजूला ठेवला आणि रडायला लागली, आवाज न करता. बटण तिच्याजवळ सरकली आणि तिने तिला आपला सगळ्यात मोठा फोड पुन्हा दाखवला.

खाली तोपर्यंत शोधाशोध सुरू झाली होती. टोपली सरकलेली थोरलीच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तिची हाक अंगणात घुमली तशी दोघी खिडकीशी आल्या. खाली वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमध्ये थोरली उभी होती, तिच्यामागे हातात इस्त्री तशीच घेऊन भाऊजी, आणि धाकटीचा नवरा. सासूबाई पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसल्या होत्या.

भाऊजी म्हणाले, आत्ताच्या आत्ता खाली ये. थोरली म्हणाली, खबरदार खाली आलीस तर, आता सगळ्यांना देशील. भाऊजी म्हणाले, मग काय तिथेच ठेवायची का. थोरली म्हणाली, मी तसं कुठे म्हटलं. धाकटीच्या नवऱ्याने आपल्या परीने सुचवलं की आधी डॉक्टरांना विचारू या, तर दोघंही त्याच्यावर घसरले. त्याने गप्पपणे एक चादर चिमट्यातून सोडवली आणि ती घडी करत बसला. एरवी धाकटीला हसू आलं असतं.

मग थोरलीने मान वर केली, आणि या वेळी ती मुलीकडे बघत नव्हती. "तूच बोलावलंस तिला. एकदा माझी पोर तुझ्या हवाली केली तर कपाळ डागून ठेवलंस तिचं. आता लग्नही मोडायचंय का तुला?"

धाकटीने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. आणि त्याच क्षणी धाकटीच्या लक्षात आलं की आता भिंगरीला खऱ्या कांजिण्यांची गरजच उरली नव्हती. खाली सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की पोरीला लागण झाली. दोघींनी नुसतं गप्प राहायचं, लग्न आपोआप पुढे गेलं असतं. बोल तेवढा धाकटीला जन्मभर लागला असता. लागू दे, असं तिने ठरवलं. एवढी वर्षं लागलाच होता, त्यात आणखी थोडा. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली आणि ओठ मिटून घेतले.

भिंगरीने तिच्याकडे बघितलं. तिलाही ते कळलं होतं, आणि धाकटी काय करते आहे हेही कळलं होतं.

"आई," ती खिडकीतून वाकून म्हणाली, "काकूने नाही बोलावलं. मी माझी आले. मला कांजिण्या व्हाव्यात म्हणून आले. पण त्या होणार नाहीत, मला लहानपणीच येऊन गेल्यात. तू माहेरी होतीस तेव्हा. काकूने माझं सगळं केलं, या खोलीत. निखाराबिखारा काही नव्हता."

खाली भाऊजींच्या हातातली इस्त्री चादरीला लागते की काय इतकी जवळ आली होती, ती धाकटीच्या नवऱ्याने त्यांच्या हातून काढून घेतली.

"आणि मला हे लग्न करायचं नाहीये," भिंगरी म्हणाली. भाऊजी वळायला लागले. "बाबा, जाऊ नका. ऐकून घ्या. तो चांगला आहे आणि मला तो नको आहे. एवढंच आहे, याच्यामागे दुसरं काही नाही."

तिचं वाक्य पुरं झालं. जिना चढून येऊन तिला गप्प करायची त्या अंगणात कुणाची छाती नव्हती.

थोरली सासूबाईंकडे वळली. "ही काय म्हणतेय?"

सासूबाईंना उठायला वेळ लागला. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "तू रिकामी आली होतीस गं थोरले. तुला आणखी काय सांगणार होते मी? मग राहून गेलं. मग सांगायची लाज वाटायला लागली. धाकटीला मीच गप्प बसवलं. तिचा काही दोष नाही."

थोरली रडेल असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. ती चादरींच्या मधून चालत जिन्यापाशी आली, तिने टोपली पायाने बाजूला केली आणि वर चढायला लागली. भाऊजींनी मागून हाक मारली. तिने वळून बघितलं नाही.

खोलीत येऊन ती मुलीसमोर उभी राहिली. तिने भिंगरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि कपाळाची कडा नीट निरखली, इतकी वर्षं रोज बघितलेली. मग तिने धाकटीला विचारलं, "फार रडायची का?"

"पहिले काही दिवस."

"मला हाक मारायची?"

खरं सांगायचं तर पहिले काही दिवस पोरगी आईला हाक मारायची, आणि मग एका सकाळी तिने धाकटीलाच आई म्हणायला सुरुवात केली होती. धाकटीने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. ते तिचं स्वतःचं होतं, जपून ठेवलेलं.

"तुम्हालाच, ताई," ती म्हणाली. "शेवटपर्यंत तुम्हालाच मारायची."

थोरलीने मान डोलवली. ती पलंगावर बसली, अगदी बटणच्या शेजारी. बटणने तिला जागा करून दिली आणि आशेने पाय पुढे केला.

"वहिनी, खाली या," अंगणातून धाकटीच्या नवऱ्याचा घाबरा आवाज आला. पाठोपाठ भाऊजींचा. तिला कांजिण्या आल्या आहेत का कधी, असं ते विचारत होते. मग त्यांना लग्न आठवलं, आणि त्यांनी विचारलं की मुलाकडच्यांना आता काय तोंड दाखवायचं, मुलगी नको म्हणते असं कुठल्या तोंडाने सांगायचं.

"त्यांना निरोप धाडा," थोरली बसल्या जागेवरून म्हणाली. तिचा आवाज चांगला खणखणीत होता, सगळं अंगण ऐकेल असा. "घरात कांजिण्या आहेत म्हणावं. लग्न आत्ता होणार नाही."

"अगं, पण तिला तर येऊन गेल्यात."

"तिला येऊन गेल्यात. मला नाही."

भिंगरी तिला उठवायला धावली. मोठ्यांना फार भारी पडतात गं आई, डॉक्टर काय म्हणालेत, ऊठ. धाकटीनेही तिचा हात धरला. थोरलीने दोघींना बाजूला केलं.

"आणि थांबायला तयार झाले तर?" खालून भाऊजी विचारत होते. "नाहीच थांबले तर?"

"थांबले नाहीत तर बरंच," थोरली म्हणाली, आणि तिने बटणला उचलून मांडीवर घेतलं.